दत्तक कोणी कोणाला घ्यायचे?

वैद्यकीय शिक्षणाच्या अभ्यासक्रमात २०२२ पासून एक नवा शब्द आला आहे : 'कुटुंब दत्तक'. एमबीबीएसला प्रवेश घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घ्यायची, अधूनमधून त्यांच्याकडे जायचे, वजन आणि रक्तदाब तपासायचा, नोंदी ठेवायच्या, आरोग्याच्या चार गोष्टी सांगायच्या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा हा कार्यक्रम आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणला वालावलकर ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. म्हणजे वेळणेश्वर, हेदवी, पालशेत या आपल्या पट्ट्यातील वाड्यांतही आज ना उद्या पांढरे कोट घातलेली मुले वही घेऊन येणार.

येऊ द्या. त्यांचे स्वागतच आहे. पण 'दत्तक' या शब्दापाशी जरा थांबले पाहिजे. दत्तक घेणारा मोठा असतो, दत्तक जाणारा लहान. दत्तक गेलेल्याचे नाव बदलते आणि पुढचे निर्णय दुसऱ्याच्या हातात जातात. अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी, ज्याने अजून एकही बाळंतपण पाहिलेले नाही, तो बौद्धवाडीतल्या सत्तर वर्षांच्या आजीला दत्तक घेतो. खरे तर तो शिकायला आला आहे. मग शिकवणारी कोण? ती आजी. आपले घर, आपले दुखणे, आपले शरीर ती त्याला शिकण्यासाठी उघडे करून देते. दत्तक कोणी कोणाला घेतले?

हा शब्दांचा खेळ नाही. विद्यापीठ आणि वस्ती यांच्या 'भागीदारी'चा महाराष्ट्रातला इतिहास पन्नास वर्षांहून जुना आहे. त्या इतिहासात आपण कुठे होतो, काय दिले आणि काय मिळाले, हे माहीत नसेल तर उद्या ग्रामसभेत ठराव येईल आणि आपण नुसते हात वर करू.

थर्मामीटर किती हातांतून गेला

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते गांधींच्या 'यंग इंडिया'त १२ डिसेंबर १९२९ रोजी छापले गेले होते. शिक्षकाची बायको बाळंतीण होती. ती आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या मोठ्या माणसांनी रदबदली केली, दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो आला. पण अट घातली की बाईला वस्तीबाहेर आणा. बाळंतिणीला बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले आणि तो निघून गेला. पुन्हा आला नाही. बाई वाचली नाही.

या डॉक्टरकडे ज्ञान होते, पदवी होती, यंत्र होते. निदानही त्याने केले. नव्हता तो फक्त स्पर्श. आरोग्यसेवेतला जातीचा प्रश्न 'डॉक्टर आहे की नाही' एवढाच कधीच नव्हता. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये किती हात येतात, आणि त्या हातांची किंमत काय, हा तो प्रश्न आहे.

याची दुसरी बाजूही पाहा. ज्या गावगाड्यात डॉक्टर अस्पृश्य बाईला हात लावत नव्हता, त्याच गावगाड्यात नाळ कापण्याचे आणि वार पुरण्याचे 'विटाळाचे' काम अनेक ठिकाणी अस्पृश्य जातींतल्या सुईणींच्या वाट्याला होते. सवर्ण घरातले मूलही अनेकदा त्याच हातांनी जगात आणले. ते ज्ञान बाईच्या हातात होते तोवर विटाळ होता. दवाखान्यात गेले आणि प्रसूतिशास्त्र झाले. त्या शास्त्राच्या पदवीदान समारंभाला सुईणीला कोणी बोलावले नाही.

आपल्या परंपरेत दुसरे उदाहरण आहे. पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सावित्रीमाई घरात बसल्या नाहीत. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या महार मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. मधले हात काढून टाकण्याचे धैर्य होते.

जामखेड, मांडवा, वढू

१९७० चे दशक हे महाराष्ट्रातील सामुदायिक आरोग्याचे मोठे दशक. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले दांपत्य. त्यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, अनेक दलित बायांना त्यांनी ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. हातपंपासाठी जागा निवडताना दलित वस्तीला प्राधान्य दिले, म्हणजे सवर्णांना पाणी हवे तर वस्तीत यावे लागेल. महाडच्या चवदार तळ्याचा अर्थ ज्याला कळतो त्याला या हातपंपाचाही अर्थ कळेल. १९७१ मध्ये त्या भागात दर हजार जन्मांमागे १७६ बालके दगावत होती. १९७६ पर्यंत ते प्रमाण ५२ वर आले. हे औषधांनी कमी आणि पाण्याने, अन्नाने आणि गावातल्या बाईने घरोघर केलेल्या फेऱ्यांनी जास्त झाले. पुढे देशविदेशातले वैद्यकीय विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले आणि त्याच बाया त्यांच्या शिक्षिका झाल्या.

आपल्या कोकणातले उदाहरण मांडव्याचे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातले नामवंत प्लास्टिक सर्जन डॉ. एन. एच. अंतिया यांनी १९७३ च्या सुमारास अलिबाग तालुक्यातल्या मांडवा परिसरात स्थानिक बायांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. सुमारे ३० हजार लोकवस्तीचा हा भाग. या अर्धवेळ, कमी शिकलेल्या बायांनी लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग आणि कुष्ठरोग या सगळ्यांत दाखवून दिले की रोजच्या आजारांचा मोठा भाग गावातच हाताळता येतो. मग १९८३ मध्ये हा प्रकल्प बंद का पडला? बाया नापास झाल्या म्हणून नाही. त्या प्रश्न विचारू लागल्या म्हणून. सरकारी केंद्रात औषध का नाही, कर्मचारी का येत नाही, हे गावातली बाई विचारायला लागली तेव्हा आरोग्य यंत्रणा, स्थानिक पुढारी आणि हितसंबंधी मंडळी एका बाजूला झाली. मांडव्याचा धडा असा : बाईच्या हातात गोळ्यांची पेटी द्यायला कोणाची हरकत नसते, तिच्या तोंडात प्रश्न आला की हरकत सुरू होते.

तिसरे गाव वढू बुद्रुक. आपण ते गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीमुळे ओळखतो. सार्वजनिक आरोग्याच्या जगात ते दुसऱ्याच कारणासाठी माहीत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७२ पासून तिथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले, गावोगावचे आरोग्य कार्यकर्ते तयार केले. २००२ पासून त्या परिसरातल्या २२ गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सलग नोंद ठेवली जाते आणि तिच्या आधारे आंतरराष्ट्रीय संशोधन होते. काम मोलाचे आहे, यात वाद नाही. पण एकाच गावाच्या या दोन ओळखी शेजारी ठेवून पाहा. एका ओळखीत गावाचा इतिहास आपण सांगतो. दुसरीत आपली मोजणी दुसरे करतात.

सरकारी योजनेत काय गळले

या प्रयोगांचा गाजावाजा झाला आणि सरकारने त्यातले सोपे तेवढे उचलले. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने सांगितले की वैद्यकीय शिक्षण शहरी रुग्णालयांत अडकले आहे, ते समाजाकडे वळवा. १९७७ मध्ये प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे जोडून देण्याची योजना आली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला जनता सरकारने सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू केली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, नंतर महिना ५० रुपये. निवड 'गावाने' करायची.

गाव म्हणजे कोण? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना जे सुनावले, ते इथे आठवते. जामखेड-मांडव्यात बाया निवडल्या गेल्या होत्या. 'गावाने' निवड केली तेव्हा या जागा मोठ्या संख्येने पुरुषांकडे गेल्या. ज्या वस्तीत बालमृत्यू सर्वांत जास्त, तिथल्या बाईपर्यंत ती पेटी पोहोचेलच याची हमी योजनेत नव्हती.

२००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आली. या वेळी ती बाईच असेल हे ठरले, एवढे आपण मिळवले. पण तिला कर्मचारी म्हटले नाही, 'स्वयंसेविका' म्हटले. पहिल्या वर्षी २३ दिवसांचे प्रशिक्षण, कामाच्या तुकड्यांवर मोबदला. महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशांना मानधनासाठी २०२३-२४ मध्ये संप करून आझाद मैदानात बसावे लागले. आज वैद्यकीय महाविद्यालयाचे पथक गावात येते तेव्हा त्यांना घरे कोण दाखवते? कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोणता म्हातारा गोळ्या टाकून देतो, हे कोण सांगते? आशाच सांगते. पथकाचा अहवाल तयार होतो, गुण मिळतात, शोधनिबंध होतो. त्यात आशाताई 'स्थानिक मदत' म्हणून उरते. थर्मामीटर हातोहात नेणारा मधला माणूस आजही आहे. फक्त आता तिला ओळखपत्र आहे.

धाराशिवच्या बाया

आता मोठ्या संशोधनाकडे येऊ. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक फार मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बाया, गावांचे ५२ गट. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या. चौथ्या गटातल्या ३१ हजार ४८८ बायांना नेहमीचीच व्यवस्था. नेहमीची व्यवस्था म्हणजे खेड्यात तपासणी नाहीच. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ बाया गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४.

या अभ्यासावर पुढे वाद झाला. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे की तपासणीने जीव वाचतो हे जगाला आधीच माहीत असताना एवढ्या बायांना तपासणीविना ठेवणे योग्य नव्हते. संशोधकांचे म्हणणे असे की भारतात तेव्हा तपासणीची सोयच नव्हती, आणि गरीब देशात कोणती पद्धत चालेल हे असेच कळू शकत होते. दोन्ही बाजू ऐकून घेऊ. मला तिसरा प्रश्न विचारायचा आहे. हे ज्ञान ज्या बायांच्या शरीरातून आले, त्यांच्याकडे ते परत गेले का?

उत्तर सरकारच्याच आकड्यांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, पाचवी फेरी, २०१९-२१ : गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आयुष्यात एकदा तरी तपासणी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रिया १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. धाराशिवच्या बायांनी जगाला उत्तर दिले आणि दहा वर्षांनंतरही देशातल्या त्यांच्यासारख्या बायांसाठी ते कागदावरच होते. खेड्यातून ज्ञान नेणारा रस्ता डांबरी आणि आणणारी पायवाट, असा हा व्यवहार आहे.

टस्कीगी आणि माउंड बायू

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी याची दोन्ही टोके पाहिली आहेत. अलाबामात १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिसचा 'अभ्यास' केला. ३९९ आजारी काळे पुरुष, तुलनेसाठी २०१ निरोगी. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे उपचार म्हणून रूढ झाले, तरी त्यांना ते दिले नाही. १९७२ मध्ये बातमी फुटली तेव्हा हे थांबले. हे सगळे टस्कीगी या काळ्यांसाठीच उभारलेल्या शिक्षणसंस्थेच्या साथीने झाले आणि त्या माणसांचा विश्वास टिकवून ठेवला तो युनिस रिव्हर्स या काळ्या परिचारिकेने. म्हणून 'आपला माणूस आहे ना संस्थेत' एवढ्यावर समाधान मानू नका. आपला माणूस निर्णय घेणारा आहे की विश्वास मिळवून देणारा, हे पाहा.

दुसरे टोक मिसिसिपीतल्या माउंड बायूचे. १९६० च्या दशकात टफ्ट्स विद्यापीठाच्या मदतीने डॉ. जॅक गायगर आणि समाज-संघटक जॉन हॅच यांनी तिथे आरोग्य केंद्र उभे केले. गायगर हे शिकले होते दक्षिण आफ्रिकेतल्या पोलेला येथे, सिडनी आणि एमिली कार्क यांच्या केंद्रात. माउंड बायूच्या डॉक्टरांनी कुपोषित मुलांना औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून दिले. विहिरी आणि शौचालये बांधली. लोकांनी सहकारी शेती उभी केली. आणि त्याच वस्तीतली मुले शिकून डॉक्टर, परिचारिका आणि स्वच्छता निरीक्षक झाली. केंद्राचा कारभारही पुढे विद्यापीठाकडून लोकांकडे आला. भागीदारी ही अशी असते. विद्यापीठ येते, शिकते, शिकवते आणि मालकी सोडते.

बाबासाहेबांची दिशा उलटी होती

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेची बाजू घेतली. संविधानाच्या ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून आले. म्हणजे आरोग्य हा उपकार नव्हे, ती जबाबदारी आहे. आणि शिक्षणात त्यांनी काय केले? विद्यापीठाने वस्तीत येऊन आपला अभ्यास करावा असा अर्ज त्यांनी केला नाही. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय काढून त्यांनी वस्तीलाच वर्गात नेऊन बसवले.

हे नेणे अजून पूर्ण झालेले नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीने आत्महत्या केली. तिघी सहकारी डॉक्टरांवर जातीय छळ आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. वस्तीशी भागीदारी करू म्हणणाऱ्या वैद्यकीय शिक्षणाने आधी वस्तीतून आलेल्या मुलीला आपल्या वसतिगृहात सुरक्षित ठेवून दाखवावे.

आपल्या अटी

काही कार्यकर्ते म्हणतील, डॉक्टर वाडीत येतात हेच खूप, अटी घातल्या तर तेही यायचे नाहीत. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कुटुंबाकडे जाणे हा आता अभ्यासक्रमाचा भाग आहे. ते आपल्यावर मेहेरबानी करत नाहीत, त्यांचे शिक्षण आपल्याशिवाय पुरे होत नाही. ज्याची गरज आहे त्याच्याशी बोलणी करता येतात. म्हणून ग्रामसभेत, वाडीच्या मंडळात आणि गावच्या आरोग्य समितीत या गोष्टी लेखी मागा :

१. तपासणीची मराठीतली प्रत त्याच दिवशी कुटुंबाच्या हातात. गावाचा एकत्रित निष्कर्ष वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवायचा, कोणाचे नाव न घेता.

२. आजार सापडला तर औषध आणि पुढचा पाठपुरावा कोण करणार, हे आधी ठरवायचे. मधुमेह आहे एवढे सांगून निघून जाणे म्हणजे काठेवाडच्या डॉक्टरचेच निदान.

३. उपचार वेगळे आणि संशोधन वेगळे. संशोधनासाठी मराठीत स्वतंत्र संमती, आणि नाही म्हटले तरी उपचार थांबणार नाही याची हमी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांत समाजाचा सहभाग आणि लाभातला वाटा या गोष्टी लिहिलेल्या आहेत. त्या दाखवा.

४. विद्यार्थ्यांना फिरवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आशाताईला त्या दिवसाचा मोबदला आणि कामाचे श्रेय. तिला आणि तिच्या मुलींना परिचारिका प्रशिक्षणात जाण्याची शिडी, फी माफीसह, हक्क म्हणून.

५. फक्त रक्तदाब मोजू नका. वाडीला पाणी किती दिवसांनी येते, पावसाळ्यात रस्ता राहतो का, स्मशानभूमी कुठे आहे, दवाखान्यात कसे वागवतात, हेही वहीत लिहा. वस्तीवार लिहा. जातीचा रकाना टाळला की जात जात नाही, फक्त दिसेनाशी होते.

६. गावच्या आरोग्य समितीवर बौद्धवाडीची बाई सदस्य हवी, आणि बैठक तिच्या मजुरीच्या वेळेत नको.

आणि एक अट स्वतःसाठी. वेळणेश्वरात अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले, पण आपल्या किती वाड्यांतली मुले परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, डॉक्टर होण्याच्या वाटेवर आहेत? मुंबईतली मंडळे विहारासाठी आणि जयंतीसाठी वर्गणी काढतात, ती काढलीच पाहिजे. त्याच वर्गणीतून दर वर्षी एका मुलीची नर्सिंगची फी भरायचा ठराव केला, तर दहा वर्षांत आपल्या पट्ट्यात दहा परिचारिका असतील. मग पांढरा कोट घालून वाडीत येणारी मुलगी वाडीतलीच असेल आणि तिच्या नि आजीच्या मध्ये दुसऱ्या कोणाचा हात लागणार नाही.

विद्यार्थी येतील तेव्हा त्यांना बसायला घोंगडी घाला, पाणी द्या, आणि सांगा : आम्ही तुम्हाला दत्तक घेतले आहे. नीट शिका. आणि शिकून गेल्यावर काय शिकलात ते आम्हाला सांगायला परत या.

जय भीम!